उंचावलेली जीप आणि पोटाखालचा दांडा

जुनी जीप विकत घ्यायला निघालेला माणूस काय काय पाहतो, हे मी उभ्या आयुष्यात पुष्कळदा पाहिले आहे. तो टायरला बुटाची ठोकर मारतो, भोंगा वाजवतो, बॉनेट उघडून इंजिनावरून हात फिरवतो आणि हात काळा झाला की समाधानाने मान डोलावतो. रंगाची चौकशी होते, सीटच्या रेक्झिनची होते, टपाचीही होते. पण कपडे मळतील याची पर्वा न करता जमिनीवर उताणे पडून गाडीच्या पोटाखाली पाहणारे गिऱ्हाईक हजारात एखादेच. आणि गाडी जर कोणी हौसेने उंच करून घेतलेली असेल, तर खरा मामला तिथेच, पोटाखाली असतो.

इंजिन पुढे आणि जोर लावणारी चाके मागे, अशी जुन्या जीपची रचना. इंजिनाची सारी कमाई मागच्या चाकांपर्यंत पोचवण्याचे काम एक पोकळ पोलादी दांडा करतो. पुस्तकात त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात, आमच्या मिस्त्री मंडळींत नुसता ‘शाफ्ट’. चारही चाकांना जोर असलेल्या जीपला असे दोन शाफ्ट असतात. गिअरबॉक्सला चिकटून ट्रान्स्फर नावाची आणखी एक पेटी असते. तिच्यातून एक शाफ्ट मागे जातो, दुसरा पुढे. मी तीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पोरांना लेथ आणि फिटिंग शिकवले. निवृत्तीनंतर घराच्या मागच्या पडवीत एक जुने लेथ मशीन टाकून बसलो आहे. माझ्याकडे येणाऱ्या कामांत नांगराचे फाळ असतात, पंपांचे दांडे असतात आणि अधूनमधून असा एखादा शाफ्ट असतो.

आमचा बीड जिल्हा तसा मोटारीवर जगलेला. बीड शहराला आगगाडीची शिट्टी ऐकायला २०२५ सालचा सप्टेंबर उजाडावा लागला; तोवर सारा कारभार एस.टी., ट्रक आणि जीप यांच्यावर. उत्तरेला गेवराई-माजलगावकडे गोदावरीची काळी जमीन, तिथे पावसाळ्यात चाक रुतते. दक्षिणेला बालाघाटचा डोंगर. पाटोदा-आष्टीकडच्या वाड्यावस्त्यांवर माती थोडी आणि दगड फार. मांजरसुंब्याचा घाट, धारूरचा घाट ही नावे ड्रायव्हर लोक जरा जपूनच उच्चारतात. अशा मुलखात चार चाकांच्या जोराची जीप ही चैन नव्हे. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीस जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून महिंद्राच्या जीपने खेड्यापाड्यांत जी बैठक मारली ती आजही पुरती उठलेली नाही. कारखान्याने केव्हाच बंद केलेली मॉडेले आमच्याकडे अजून दुधाचे कॅन वाहतात.

माझ्या भाच्याने अशीच एक जीप घेतली. पाटोद्याच्या बाजूला डोंगरावर एका वाडीत त्याची बारा एकर शेती आणि सहा म्हशी आहेत. वाडीतून तालुक्याला यायचे तर आधी एक नाला, मग उतरणीची वाट, मग घाटाची सडक. दसरा झाला की वाडी निम्मी रिकामी होते. मुकादमाचा ट्रक येतो आणि कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला निघून जातात. (आमच्याकडे कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात.) मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली नातवंडे. त्यातल्या कोणाला रात्री-बेरात्री धाप लागली, तर दवाखान्यापर्यंत नेणारे वाहन एकच, भाच्याची जीप. माझी बहीणही त्याच वाडीत असते, तेव्हा या जीपकडे मी परक्याच्या नजरेने पाहू शकत नव्हतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो गाडी घेऊन दारात आला.

“मामा, पुण्याच्या एका हौशी माणसाकडून घेतली. पाच इंच उचललेली हाये. बघा तर खरं, कशी दिसतीय!”

दिसत होती खरी. हत्तीवर अंबारी ठेवावी तशी बॉडी चाकांवर विराजमान झाली होती.

“आणि आवाज कसला येतोय?” मी विचारले.

“चाळीसच्या पुढं गेलं की घरघर करतीय. गॅरेजवाला म्हणला, चाकाचं बॅलन्स गेलंय. दोनदा करून घेतलं. घरघर हायेच. आन पाय उचलला की खालून ‘खट्’ करतंय.”

मी पडवीतला गोणपाट काढला आणि खाली शिरलो.

इथे थोडे मागे जावे लागेल. शाफ्ट सरळ असता, दोन्ही टोके कायम एका रेषेत असती, तर हा लेख लिहायचे कारणच नव्हते. पण इंजिन आणि ट्रान्स्फर चॅसीला जखडलेले, तर मागचे हाउसिंग पाट्यांवर वरखाली नाचणारे. तेव्हा दांड्याला दोन्ही टोकांना वाकता आले पाहिजे आणि वाकूनही फिरता आले पाहिजे. याची युक्ती मोटारीपेक्षा फार जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या कार्डानो या वैद्य-गणित्याचे नाव तिला चिकटले आहे. इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने १६७६ साली छापलेल्या एका पुस्तिकेत सूर्याकडे पाहण्याच्या यंत्रासाठी असा सांधा वर्णन केला. म्हणजे रायगडावर राज्याभिषेक होऊन दोनच वर्षे झाली होती! पुढे अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ साली मोटारीसाठी या सांध्याचे पेटंट मिळवले. त्या वेळच्या बऱ्याच मोटारी सायकलीसारख्या साखळीवर चालत. आज कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात आपण जो ‘क्रॉस’ मागतो, तो याच घराण्यातला: अधिक चिन्हासारखा पोलादी तुकडा, चार टोकांना चार टोप्या, टोप्यांत बारीक सुयांचे बेअरिंग.

हा सांधा मोठा गुणी, पण त्याला एक खोड आहे. तो वाकलेला असताना एका बाजूने एकसारखे फिरवले, तरी दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन लहान असला तर कळतही नाही. कोन वाढला की ही ओढाताण झपाट्याने वाढते. हुकच्या काळापासून हे ठाऊक आहे आणि उपायही तितकाच साधा आहे. दोन्ही टोकांना एकेक सांधा घाला, दोन्ही सांधे सारख्याच कोनात वाकवा आणि दोन्हीकडची दोन बोटांची बेचकी, जिला योक म्हणतात ती, एका पातळीत ठेवा. मग पहिल्या सांध्याने केलेली खोडी दुसरा सांधा निस्तरतो. ट्रान्स्फरमधून निघणारी रेषा आणि हाउसिंगच्या पिनियनची रेषा एकमेकींना समांतर ठेवायची ती एवढ्याचसाठी.

भाच्याच्या जीपमध्ये काय झाले होते ते आता सांगतो. मोजणी करताना गाडी स्वतःच्या चार चाकांवर, सपाट जमिनीवर उभी पाहिजे. चॅसीला जॅक लावून माप घेणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. जॅकवर हाउसिंग लोंबते आणि मिळते ते दुसऱ्याच गाडीचे माप. शिवाय गाडीत नेहमीचे ओझे हवे. मी शेजारून दुधाचे चार कॅन पाणी भरून आणवले. मग गवंड्याचा ओळंबा आणि मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक एवढ्या सामग्रीवर काम झाले. कोनमापकाची सरळ कड शाफ्टला खालून लावायची, मध्यबिंदूतून ओळंब्याचा दोरा सोडायचा आणि अंश वाचायचे. तसेच दोन्हीकडच्या फ्लँजच्या तोंडावर. वजाबाकी केली की सांध्याचा कोन मिळतो. महागडी उपकरणे असतील तर उत्तमच, पण ओळंबा खोटे बोलत नाही.

दोन सांध्यांमधले आडवे अंतर निघाले साठ सेंटिमीटर. मूळ उंचीला हाउसिंगकडचे टोक ट्रान्स्फरकडच्या टोकापेक्षा बारा सेंटिमीटर खाली असायला हवे होते. ते होते पंचवीस खाली. ज्यांना शाळेतला ५, १२, १३ चा त्रिकोण आठवत असेल त्यांनी इथे कागदही घेऊ नये. मूळ उंचीला शाफ्टची लांबी सुमारे ६१.२ सेंटिमीटर आणि उतार सुमारे अकरा अंश. उंच केल्यावर लांबी ६५ सेंटिमीटर आणि उतार साडेबावीस अंशांच्या वर. म्हणजे शाफ्टला जवळजवळ चार सेंटिमीटर अधिक लांबी हवी होती. ती कुठून यावी? शाफ्टच्या मध्ये दातांचा एक सरकता जोड असतो, स्लिप योक, दुर्बिणीसारखा आतबाहेर होणारा. त्याने बिचाऱ्याने ते चार सेंटिमीटर स्वतःच्या पकडीतून दिले होते. दातांची पकड जेमतेम दोन बोटे उरली होती. मागचे एक चाक खड्ड्यात लोंबले की तीही घटणार.

कोनांची कथा याहून वाईट. ज्याने जीप उंच केली त्याने पाटे हाउसिंगच्या खालून काढून वर बसवले होते. ही नेहमीची रीत. तेवढ्याने पाच इंच सहज मिळतात. पण पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड करताना त्याने पिनियनचे तोंड वर, ट्रान्स्फरच्या दिशेला उचलून ठेवले. दिसायला ते फार शहाणपणाचे दिसते: खालचा सांधा सरळ झाला, त्याच्यावरचा ताण गेला! वास्तविक वरचा सांधा बावीस अंशांत आणि खालचा नऊ अंशांत, अशी विषम जोडी झाली. वरच्याची खोडी खालच्याकडून निस्तरेना. जुन्या जीपला चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे पाचावर फेरे होतात. साठच्या वेगाला शाफ्ट मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेतो. इंजिनाने एकसारखे दोन हजार दिले, तर साडेबावीस अंशांच्या सांध्यापलीकडे वेग १८४६ आणि २१६७ यांच्यात हेलकावे खातो, तेही प्रत्येक फेऱ्यात दोनदा. मूळ अकरा अंशांत हेच हेलकावे १९६१ ते २०४० एवढेच होते, आणि तेही खालच्या सांध्यात पुसले जात होते. घरघर चाकाची नव्हती, ती इथली होती. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस पूड साचली होती. ही पूड म्हणजे आतल्या सुया ग्रीसवाचून गंजून कुटल्या जात असल्याची खूण. ‘खट्’ करणारे गृहस्थ तेच.

“शाफ्ट तुटला तर काय, गाडी थांबंल,” भाचा म्हणाला. “समोरच्या चाकांचा जोर घालून येतो की घरी.”

तरुण पोरांचे हे गणित मला ठाऊक आहे. म्हणून त्याला ट्रान्स्फरच्या मागच्या तोंडाशी असलेले लहानसे ड्रम दाखवले. जुन्या विलीस धाटणीच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो इथे असतो. तो शाफ्टला धरतो आणि शाफ्ट चाकांना. घाटात उतरताना आपण खालचा गिअर टाकून इंजिनाच्या आवळणीवर गाडी रोखतो. ती आवळणही याच दांड्यातून चाकांपर्यंत जाते. मागचा शाफ्ट गेला की पुढे ओढणारे बळ जाते, मागे रोखणारे बळ जाते आणि हँडब्रेकही जातो. उरतो तो पायाखालचा ब्रेक, आणि चाळीस वर्षांच्या गाडीत त्याच्या भरवशावर किती राहायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय शाफ्टचे पुढचे टोक सुटून रस्त्यात रुतले, तर बांबूच्या आधाराने उडी मारणाऱ्या खेळाडूसारखी गाडी त्यावर उचलली जाते. त्यासाठी जाणती माणसे शाफ्टच्या पुढच्या टोकाभोवती चॅसीला एक पोलादी कडे लावून ठेवतात, म्हणजे टोक तुटले तरी कड्यात अडकते. दोन नटबोल्टांचे काम, पण मला ते दहा गाड्यांत एखाद्याच गाडीला दिसते.

भाचा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आई बसती मागं.”

आता पुढे काय करायचे? रस्ते तीन होते.

पहिला, गावोगावचे वेल्डर सुचवतात तो: शाफ्ट मधून कापायचा, चार सेंटिमीटरचा पाइप घालायचा आणि टाके मारायचे. पाण्याचा नळ शाफ्टला जोडलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. चढावर, ट्रान्स्फरच्या खालच्या गिअरमध्ये, इंजिनाचा पीळ सात-आठ पट होऊन या दांड्यात शिरतो. नळाच्या पत्र्याने तो सोसावा ही अपेक्षा क्रूरपणाची आहे. आणि लांबी वाढली तरी कोन तेच राहतात, ते वेगळेच.

दुसरा रस्ता खऱ्या उंच गाडीचा. वरच्या टोकाला एकाऐवजी दोन क्रॉस पाठीला पाठ लावून बसवलेला डबल जॉइंट घ्यायचा. एकूण कोन दोघांत वाटला जातो, आणि त्यांची खोडी तिथल्या तिथे मिटते. अशा वेळी मात्र पिनियनचे तोंड शाफ्टच्या रेषेत सरळ वर ठेवावे लागते, जोर लागल्यावर ते आणखी थोडे उचलले जाते म्हणून एक-दोन अंश खालीच. मघाच्या माणसाने पिनियन अर्धेमुर्धे या पद्धतीने ठेवले आणि शाफ्ट जुन्याच पद्धतीचा. ना धड इकडे, ना तिकडे. गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या शर्यतींत उतरणाऱ्या गाड्यांना असले शाफ्ट शोभतात. तिथे गाडी मागून ट्रकवर येते, पुढेमागे मिस्त्री उभे असतात आणि संध्याकाळी सगळे उघडून ग्रीस भरले जाते. डबल जॉइंटच्या मध्यभागी एक लहान गोळी असते. ती धुळीने झिजली की सगळा डाव मोडला. आमच्या मुलखातल्या धुळीविषयी मी काय सांगावे!

पुढच्या शाफ्टची अडचण आणखी निराळी. तिथे कोन जुळवण्यासाठी हाउसिंग फिरवले की स्टिअरिंगच्या खुंट्यांचा कलही बदलतो आणि गाडी सरळ धावेनाशी होते. मागे पाचर मारून भागते, पुढे तसे चालत नाही.

तिसरा रस्ता, गाडी खाली आणण्याचा. हे ऐकून भाच्याचा चेहरा पडला.

“आन नाल्यातला दगड? पूर्वीच्या गाडीचं हाउसिंग घासायचं त्येच्यावर. त्येच्यासाठीच तर उंच गाडी घेतली!”

वाचकहो, उंच गाड्यांच्या साऱ्या हौसेतली मेख इथेच आहे. पाटे उंच केले की बॉडी उंच होते, चॅसी उंच होते, ट्रान्स्फरचे पोट उंच होते. हाउसिंग चाकांच्या मध्यावर असते. ते तसूभरही उंच होत नाही. ते उंच व्हायला मोठे टायरच लागतात. उलट नुसत्या मोठ्या टायरने शाफ्टचा कोन बदलत नाही, कारण सगळी गाडीच सारखी उचलली जाते. चॅसीवर ठोकळे ठेवून नुसती बॉडी उचलणारे असतात, त्यांचाही शाफ्ट जागच्या जागी राहतो. शाफ्टला त्रास होतो तो फक्त पाट्यांशी केलेल्या खेळाने, आणि नाल्यातल्या त्या दगडाला याच खेळाचे काही सोयरसुतक नव्हते. भाच्याने टेप आणून हाउसिंगखालची उंची मोजली. जुन्या गाडीएवढीच भरली. त्यानंतर तो बराच वेळ टेप गुंडाळत बसला.

कायद्याची बाजूही सांगितली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाने नोंदणीच्या वेळच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करायला मनाई आहे. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच निक्षून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही ठेवले. शेताच्या बांधात किंवा शर्यतीच्या चिखलात काय करायचे ते करा. पण सडकेवर माणसे बसवून चालवायच्या गाडीची उंची कारखान्याने ठेवली तीच बरी.

तेव्हा ठरले असे. पाटे पुन्हा हाउसिंगच्या खाली. जुने पाटे बसकण मारलेले होते, त्यांची पूर्ण कमान असलेले नवे संच घ्यायचे. नुसत्या नव्या पाट्यांनीच गाडी किती सावरते हे ज्याने पाहिले आहे त्याला उंचीचा मोह कमी होतो. आधीच्या बैठका कापून मूळ बैठकांवर, पिनियन ट्रान्स्फरला समांतर. पाटे बसल्यावर ओळंबा पुन्हा लावला तर दोन्हीकडे एका अंशाचा फरक आला. तेवढ्यासाठी पाटा आणि बैठक यांच्यामध्ये पोलादाची बारीक पाचर घातली. लाकडाची घालू नये, हे सांगायची वेळ यावी हे दुर्दैव. पण एका गाडीतून मी बाभळीची काढली आहे.

शाफ्ट मात्र नवा करायचा. जुना आधीच मधून एकदा जोडलेला होता, त्याचे पुराण वेल्डवरच्या रंगाखाली दडले होते. माप पुन्हा घेतले, या वेळी नव्या उंचीला: क्रॉसच्या मध्यापासून क्रॉसच्या मध्यापर्यंत. सरकता जोड अशा बेताने ठेवला की गाडी उभी असताना दातांची पकड दांड्याच्या जाडीच्या दुपटीहून थोडी जास्त राहावी, आणि पाटे पूर्ण दबले तरी आत सरकायला जागा उरावी. ही जागा विसरली तर खड्ड्यात आपटताना शाफ्ट ट्रान्स्फरच्या बेअरिंगवर घणासारखा बसतो. पाइप शाफ्टसाठीचाच घेतला, एकसारख्या जाडीचा. भरीव सळई घ्यावी का, असे बरेच जण विचारतात. पीळ सोसण्याचे काम बाहेरची बाजू करते. आतला गाभा नुसता वजनाला असतो. तेवढ्याच वजनात पोकळ आणि जाड दांडा कितीतरी दणकट.

टोकाचे योक लेथवर पाइपात घट्ट बसवले, दोन्ही बेचक्या एका पातळीत आणल्या, टाके मारून डायल गेज लावला. फिरताना दांडा पाव मिलिमीटरच्या आत डगमगला तर मी समाधान मानतो. डायल नसेल तर खडू स्थिर धरून दांडा हळू फिरवावा. जिथे खडू उमटतो तिथे फुगवटा. मग पूर्ण वेल्ड, आणि तो छत्रपती संभाजीनगरला पाठवून बॅलन्स करून आणला. वेल्डरच्या हातावर कितीही भरवसा असला तरी ही पायरी गाळू नये.

क्रॉस घेताना दुकानदाराला गाडीचे नाव सांगण्यापेक्षा व्हर्नियरने टोपीचा व्यास आणि आरपार लांबी मोजून सांगावी. जुन्या गाड्यांत इतक्या जणांनी इतके हात घातलेले असतात की आत कोणाचा योक निघेल याचा नेम नाही. टोप्या बेंचवाइसमध्ये दाबताना एक गोष्ट सांभाळायची. आतल्या सुया ग्रीसने चिकटवून उभ्या ठेवाव्या लागतात. एखादी सुई आडवी पडली की टोपी शेवटचा दोरा आत जात नाही आणि लॉक बसत नाही. तिथे हातोडा उचलण्याचा मोह होतो. उचलू नये, टोपी काढून आडवी सुई शोधावी.

बसवण्याच्या दिवशी पहिले काम चाकांना पुढून-मागून दगड लावण्याचे. शाफ्ट काढला की हँडब्रेक गेला, हे आता वाचकांना सांगायला नको. शाफ्टच्या दोन्ही भागांवर बाणाची खूण असते. नसेल तर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून घ्यावी, म्हणजे सरकता जोड पुन्हा लावताना एखादा दात चुकून बेचक्यांची पातळी मोडत नाही. यू-बोल्ट नवेच घ्यावेत. ग्रीस चारही टोप्यांच्या कडांतून डोकावेपर्यंत भरायचे. तीन टोप्यांतून आले आणि चौथीतून नाही, तर त्या चौथीचेच आयुष्य म्हणजे शाफ्टचे आयुष्य.

शेवटी चॅसीला जॅक लावून मागची चाके लोंबती सोडली. मघाशी मापासाठी नको म्हटलेला जॅक इथे हवा, कारण हीच शाफ्टची सर्वांत लांब आणि सर्वांत वाकडी अवस्था. चॅसीखाली घोडे लावले, गिअर मोकळा केला आणि भाच्याला शाफ्ट हाताने पूर्ण फेरा फिरवायला लावला. कुठे योकला योक अडतो का, दात किती उरतात, हे दोघांनी पाहिले. अडला नाही. पुढचे कडे मी स्वतः लावले.

रात्र झाली होती. घाटाखालच्या सडकेवर चाळीस, पन्नास, साठ असे नेऊन पाहिले. पाय उचलला, पुन्हा दाबला. खालून आवाज नव्हता. भाचाच काय तो बोलत होता.

पाचशे किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा आवळायचे आणि नाल्यातून, पाण्यातून गाडी गेली की ग्रीस मारायचे, एवढे त्याला बजावले. पाडव्याला तो फराळ घेऊन आला तेव्हा नटांचे विचारण्याआधीच म्हणाला, “आवळले मामा.” नाल्यातला दगड चौघांनी मिळून पहारीने एका सकाळी हलवला. जुना जोडलेला शाफ्ट त्याने मागून नेला होता. गोठ्यात जमिनीत गाडून आता त्याला म्हैस बांधतो. म्हणाला, “मामा, म्हशीला तेवढा पुरतो.”